बॅटच्या मुठीतली पाच घरं

भाद्रपदात चार दिवस उघडीप मिळाली की आमच्या गच्चीवर मूग-उडदाच्या शेंगा वाळत पडतात. चांगल्या तापल्या की आपोआप तडकतात. टिक्. जरा थांबून पुन्हा टिक्, टिक्. मी खाली पेपर वाचत बसलेलो असतो आणि प्रत्येक आवाजाला माझी मान वर जाते. सून हसते. "मामा, शेंगा हायत त्या," म्हणते. शेंगा आहेत हे मलाही कळतं. पण चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात मी टेबल टेनिसचा चेंडू असा काही ऐकला आहे की तो आवाज मला अजून कानात ऐकू येत नाही, पोटात ऐकू येतो.

मी जन्माचा भित्रा. हे सांगायला आता लाज वाटत नाही. कुत्र्याला भितो, विजेला भितो, साहेबाला भितो, आणि निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी दारात खाकी कपड्यातला पोस्टमन आला की क्षणभर छातीत धस्स होतं. माझी बायको गिरिजा नेमकी उलटी. ती लोहाऱ्याकडची, तिच्या माहेरी दुकानदारी, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी. ती रागावली की कानडीत रागावायची, म्हणजे मला अर्थ कळायचा नाही आणि भीती मात्र पुरेपूर वाटायची.

तेव्हा धाराशिवात निजामाचं राज्य होतं आणि ते शेवटच्या घटका मोजत होतं, हे आता म्हणता येतं. तेव्हा कुणाला माहीत होतं? बाहेर हिंदुस्थान स्वतंत्र होऊन वर्ष होत आलेलं, आणि आम्ही आपले आत. खेड्यापाड्यांतून टोळ्या फिरत. आज अमक्या गावच्या गंजी पेटल्या, उद्या तमक्या गावचे लोक रातोरात हद्दीपलीकडं बार्शीला गेले, अशा बातम्या बाजारात कुजबुजत यायच्या. माणसं बोलताना आधी मागं वळून बघत. मी शाळेत इंग्रजी शिकवायचो, खाली मान घालून जायचो, खाली मान घालून यायचो. आयुष्यात एकच चैन होती. अंमलदारांच्या क्लबात टेबल टेनिसचं टेबल होतं आणि मास्तर असूनही मला तिथं मज्जाव नव्हता, कारण गावात माझ्याइतकं चांगलं कुणी खेळत नव्हतं.

टेबल गावातल्याच सुतारानं केलेलं, सागवानी. मध्यभागी जरा बसलेलं. तिथं चेंडू पडला की मरायचा, उठायचाच नाही. ती जागा मला पाठ होती. माझी बॅट साध्या फळीची, दोन्ही अंगांना खरखरीत काचकागद चिकटवलेला. कागद झिजला की सुताराकडून नवा मागून आणायचा, खळीनं डकवायचा, वर पाट्याचं वजन ठेवायचं. मूठ बारीक होती म्हणून तिच्यावर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळलेला. दर दोन महिन्यांनी मी तो सोडायचो आणि नव्यानं गुंडाळायचो. त्या वेळी गिरिजा शेजारी बसून बघायची. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक चाललंय.

त्या आषाढात कोर्टातल्या नाझरसाहेबांची बदली झाली. त्यांच्याकडे रबराची बॅट होती. बारीक दाण्यांचं रबर, एका कोपऱ्यात थोडं झिजलेलं, पण रबर ते रबर! काचकागदाची बॅट चेंडूला नुसती ढकलते. रबराची बॅट त्याला काहीतरी सांगून पाठवते. नाझरसाहेब सामान विकत होते. नवी घेण्याची माझी ऐपत सात जन्मांत नव्हती, ही वापरलेली आवाक्यात होती, पण तीही जुनी विकली तरच. आणि गिरिजाला न विचारता विकली तरच, कारण विचारलं असतं तर तिनं तेवढ्या पैशात घरात काय काय येतं ते मोजून दाखवलं असतं.

गिऱ्हाईक आपणहून चालून आलं. अमीनसाहेब. अमीन म्हणजे तेव्हाचा फौजदार. उंच, पान खाणारे, हैदराबादकडचे, नुकतेच आमच्या गावात बदलून आलेले. त्यांना खेळाची भारी हौस आणि हात अगदीच कच्चा. "मास्टर, जिस बॅटसे तुम सबको हराते, मेरेकू वोइच होना," म्हणाले. मी बॅट, एक जुनी जाळी आणि पाच चेंडू असा सगळा संच त्यांच्यापुढं मांडला. दोन चेंडूंना पोचे आले होते, ते मी आदल्या दिवशी गरम पाण्यात टाकून काढले होते, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. आणि विकणाऱ्याच्या जिभेला चेव येतो तसा मलाही आला. "साहेब, फळी कुठंही मिळंल, पण अशी मूठ मिळायची न्हाय. मी स्वतः बांधलीय," म्हणालो. मुठीचीच तारीफ केली. ते आठवलं की अजून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

संध्याकाळी रबराची बॅट उपरण्यात गुंडाळून घरी आलो. गिरिजा खुंटीकडे बघत उभी होती.

"खुंटीवरली बॅट कुठंय?"

"विकली."

"कुनाला?"

"अमीनसाहेबांना."

ती मटकन खाली बसली. गिरिजाला मी त्याआधी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. मग तिनं हळू आवाजात सांगितलं. तिचा धाकटा भाऊ शिवलिंग सरहद्दीपलीकडच्या एका कॅम्पात, निजामाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांत होता, हे मला माहीत होतं, म्हणजे माहीत नसल्यासारखं मी वागत होतो. त्यानं एक कागद पाठवला होता. लोहाऱ्याच्या वाटेवरच्या गावांतली पाच घरं. आत येणाऱ्या कार्यकर्त्याला जेवू घालणारी, लपवणारी, पुढच्या घरी पोचवणारी. नावानिशी. खाली शिवलिंगची सही, कारण त्या सहीशिवाय कुणी दार उघडत नव्हतं. कागद न्यायला कुणीतरी माणूस येणार होता, तो आलाच नाही. आणि झडतीत लोक कणगी उपसतात, देव्हारा उचकटतात, चुलीतली राख चाळतात, पण खुंटीवरच्या खेळण्याला कोण हात लावतो? म्हणून तिनं तो कागद बारीक घडी घालून, घामानं भिजू नये म्हणून मेणकापडात शिवून, माझ्या बॅटच्या मुठीला लावला होता आणि वरून दोरा गुंडाळला होता. माझ्यासारखाच. गाठसुद्धा माझीच.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुमाला सांगितलं असतं तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं. तुमी तरी इकताना सांगायचं!"

दोघांचंही खरं होतं. पाच घरं. त्यातल्या दोन घरांत मी आमच्या लग्नानंतर जेवून आलो होतो. एका घरातल्या म्हातारीनं मला बळेबळे तिसऱ्यांदा हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढली होती. त्या रात्री मला ती म्हातारी सारखी दिसत राहिली, हातात पळी घेऊन.

दुसऱ्या दिवसापासून माझा खेळ संपला आणि पहारा सुरू झाला. अमीनसाहेब रोजा सोडून क्लबात यायचे, पानाचा तोबरा भरायचे आणि म्हणायचे, "आव मास्टर." मी चेंडूकडे बघतच नव्हतो. मी त्यांच्या मुठीकडे बघत होतो. दोरा सैल पडतोय का? टोक सुटलंय का? पावसाळी हवेत मेण मऊ पडतं, हात घामेजतो, दोरा सरकतो. चेंडू टेबलावर टिक् करायचा आणि माझ्या पोटात काहीतरी तेवढ्याच आवाजानं तुटायचं. शेवटी चौथ्या-पाचव्या दिवशी दोरा सुटलाच. साहेबांनी बॅट डोळ्यांजवळ नेली.

"मास्टर, ये क्या है जी?"

मेणकापडाचा चौकोनी पुडा, काळ्या दोऱ्यानं शिवलेला. मी पाहिला मात्र, आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले. ते कुठून आले हे आजही सांगता येणार नाही.

"ताईत हाय साहेब. सोनारीच्या काळभैरवाचा. घरातल्यांनी बांधला होता. उघडू नका, उघडला की गुण जातो."

अमीनसाहेब बघतच राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याची मला मुळीच अपेक्षा नव्हती. आनंद पसरला. "तभीच तो तुम जीतते थे!" ते ओरडले. त्यांच्या आईनं त्यांच्या दंडावर लहानपणापासून किती ताईत बांधले होते ते त्यांनी क्लबभर सांगितलं. पुडा दोन्ही डोळ्यांना लावला. घरून हिरवा रेशमी दोरा मागवला आणि स्वतःच्या हातानं मूठ पुन्हा बांधली. त्यांच्यात आणि आमच्यात त्या वर्षी काय काय उभं राहिलं होतं! पण ताईत उघडायचा नसतो, याबद्दल दोन्हीकडे एकमत होतं. मी देवाचे आभार मानले. काळभैरवाची क्षमाही मागितली, कारण त्याला न विचारता त्याचं नाव पुढं केलं होतं.

घरी सांगितल्यावर गिरिजा म्हणाली, "आता तो गुण दिसाया नको का?"

खरंच की! ताईत असून साहेब हरले, तर तो माणूस एक दिवस वैतागून आत काय आहे ते बघणारच. म्हणजे त्यांनी जिंकायला हवं होतं. म्हणजे मी हरायला हवं होतं. बाकीचे फौजदाराला हरवायला तसेही धजत नव्हते.

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात रबराची बॅट होती, आणि तिनं मला रोज हरायचं होतं. हरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी रबराच्या बॅटनं अमीनसाहेबांशी हरून बघावं. त्यांनी सोडलेले चेंडू इतके सरळ यायचे की हात आपोआप उठायचा. रबर चेंडूला हलकेच कापायचं आणि तो टेबलावर पडून असा वळायचा की माझंच मन भरून यायचं. मग तो साहेबांना सापडायचा नाही, आणि मला एका गुणाचा आनंद होण्याऐवजी पाच घरं दिसायची. मी जाळीत मारायला शिकलो. टेबलाच्या कडेबाहेर चार बोटं मारायला शिकलो. जास्त बाहेर मारलं तर संशय, कमी बाहेर मारलं तर गुण माझा. ज्या मेलेल्या जागी मी पूर्वी दुसऱ्याला मारायचो, तिथं आता मीच जाऊन अडकायचो. इतकं बारकाईनं मी जिंकतानाही कधी खेळलो नव्हतो.

एकदा धीर करून म्हणालो, "साहेब, ही रबराची ठेवा. तुमच्या हाताला शोभंल. ती जुनी मला द्या." साहेबांनी डोळे बारीक केले आणि हसले. "ताईत वापस होना क्या मास्टर? बेचे सो बेचे." त्यानंतर तर ते बॅट क्लबातही ठेवीनात. ठाण्यात, स्वतःच्या खुर्चीमागच्या खिळ्याला टांगून ठेवू लागले. ज्या पाच घरांच्या शोधात त्यांची माणसं चिखल तुडवत फिरत होती, ती पाच घरं त्यांच्या डोक्यामागं एक हातावर लटकत होती. मी शाळेत जाताना ठाण्यावरून जायचो. खिडकीतून हिरवा दोरा दिसायचा. दिसला नाही तर मागं वळून पुन्हा बघायचो, दिसला तरी बघायचोच.

गिरिजा ईदेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेली, काही जमतं का बघायला. बॅट अर्थातच ठाण्यात. अमीनसाहेबांच्या बेगमनं तिला शीरखुर्मा दिला, जवळ बसवून घेतलं. सहा-सात वर्षांची मुलगी होती त्यांची, मुन्नी. गिरिजाच्या बांगड्यांशी खेळत बसली. घरी आल्यावर गिरिजानं पाय धुतले. "बाई भित्री हाय हो," म्हणाली मग. "तुमच्यावानीच. दार वाजलं की दचकती." फौजदाराच्या घरात दार वाजलं की दचकतात, हे मला नवीन होतं. मला वाटायचं, सगळी भीती आमच्याच बाजूला राहायला आली आहे.

श्रावणात घात होता होता राहिला. क्लबात एक वकील यायचे, चांगले माणूस, पण जीभ सैल. सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, रबर आणलं आन् हात गेला व्हय तुमचा? का मुद्दाम हरताव?" साहेबांची बॅट हवेतच थांबली. आता खरं खेळतोय असं दाखवणं भाग होतं. मी दोन चेंडू नीट खेळलो, आणि तिसरा, देवाशपथ, मी बाहेरच मारला होता. पण तो टेबलाच्या कडेला निसटता लागला आणि खाली गेला. डाव माझा. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांसारखा भयंकर आवाज मी ऐकलेला नाही.

अमीनसाहेब खुर्चीवर बसले. मूठ उलटीपालटी करून बघू लागले. हिरव्या दोऱ्याचं टोक त्यांनी नखानं उचललं.

"इसका असर गया क्या मास्टर? खोल को देखूं क्या?"

"ऊद दाखवला का?" मी विचारलं. "दर रविवारी ऊद दाखवावा लागतो साहेब. भैरवाचा वार. नुसता टांगून ठेवला तर तो रुसणारच की."

त्यांनी टोक सोडलं. पुढच्या रविवारी ठाण्यातून उदाचा वास आला. सोमवारी मी एकवीस विरुद्ध आठ असा हरलो.

भीतीची सवय होते म्हणतात. माझा अनुभव तसा नाही. भीती रोज नव्यानं येते, फक्त आपण तिच्यासाठी दार उघडं ठेवायला शिकतो. मागं एकदा सोलापुरात नातीसाठी खेळाचं सामान घ्यायला गेलो होतो. दुकानात बॅटी ओळीनं लावलेल्या, लाल, काळ्या, काय एकेक रबर! दुकानदार कौतुकानं दाखवत होता. मी एक उचलली आणि रबराकडे न बघता मूठच चाचपत राहिलो. नात म्हणाली, "आबा, रबर सोडून मूठ का बघताय?" म्हटलं, वय झालं.

गणपती बसले आणि आठवड्याभरात हिंदुस्थानी फौज नळदुर्गाच्या बाजूनं आत शिरली. चार-पाच दिवसांत सगळं उलटं झालं. जी माणसं मागं बघून बोलायची ती मोठ्यानं बोलू लागली. फार मोठ्यानं. आणि ज्यांना कधी मागं बघावं लागलं नव्हतं ती घराच्या आत गेली. वर्षभर सोसलेल्या लोकांचा राग गावोगाव फिरायला निघाला होता, आणि राग दार ठोठावताना आतल्या माणसानं काय केलं होतं ते विचारत नाही. मी आनंदाच्या मिरवणुकीत गेलो आणि अर्ध्यातून परत आलो. कशाला भ्यालो ते कळलं नाही.

त्याच आठवड्यात एका सकाळी अमीनसाहेब आमच्या दारात आले. अंगावर वर्दी नव्हती, साधा पायजमा-सदरा. मागं पडदा लावलेली बैलगाडी. तोंडात पान नव्हतं, त्यामुळं ओळखायला क्षणभर वेळ लागला.

"मेरेकू तो चार्ज देनाच है, मैं नहीं जा सकता," ते म्हणाले. "बच्ची और बेगम को बिदरकू भेज रहा हूँ, लोहाऱ्यावरसे. रास्ता खराब है मास्टर." मग त्यांनी खिशातून मेणकापडाचा पुडा काढला. मुठीचा सोडवून आणलेला. न उघडलेला. "बहनजी, ये आपके हाथ का है. मुन्नी को आपके हाथसेच बांधो. मैंने हर इतवार ऊद दिखाया है."

गिरिजानं पुडा हातात घेतला. मी तिला डोळ्यांनी खुणावत होतो, बांध आणि सोड. चार्ज अजून त्यांच्याकडे होता, खिळ्याला टांगलेल्या पाच घरांचं त्यांना कळलं तर? आणि आळीतली दारं किलकिली झाली होती, फौजदाराच्या गाडीशी आम्ही बोलतोय हे लोक बघत होते. दोन्हीकडची भीती एकदम माझ्या अंगावर आली होती. गिरिजानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं शिवणीचा दोरा दातानं तोडला.

"बहनजी, खोलो नक्को!"

"भाईसाब, हा ताईत न्हाय," ती म्हणाली. "खोटं किती दिस बांधू लेकराच्या अंगाला? ह्यात पाच घरं हायत. लोहाऱ्याच्या वाटंवरली. खाली माज्या भावाची सही हाय. ही दाखवली की दार उघडतेत, भाकर देतेत, फुडच्या घरापत्तोर पोचवतेत. आमच्या मान्सासाठी केलं हुतं. आता मुन्नीला लागतंय."

तिनं पाचही नावं मोठ्यानं वाचली. गाव, घर, कुठल्या बाजूनं जायचं. अमीनसाहेबांना मराठी वाचता येत नव्हतं, पण ऐकलेलं सगळं कळत होतं. तिसऱ्या नावाला ते भिंतीला टेकले. त्या नावाच्या शोधात त्यांनी दोनदा माणसं पाठवली होती. पडद्यातून बेगमचा हात बाहेर आला आणि गिरिजानं कागद त्या हातात ठेवला.

दसऱ्याला शिवलिंग परतला तेव्हा बहिणीवर आधी खूप ओरडला. मग जेवताना म्हणाला, की त्या गाडीला चौथ्या घरानं दोन दिवस ठेवून घेतलं होतं, गावात गडबड होती म्हणून, आणि पाचव्या घरानं आपल्या गाडीतून पार पुढं पोचवलं. हुग्गीवाल्या म्हातारीनं मुन्नीला काय केलं असेल ते मला न सांगता कळलं.

पण त्या सकाळी हे काही माहीत नव्हतं. गाडी हलली. अमीनसाहेब जागचे हलले नाहीत. माझ्याकडे बघत होते, आणि मी सवयीनं त्यांच्या हाताकडे. मला वाटलं, आता ठाण्यात टांगलेल्या कागदाचं निघणार, खोट्याचं निघणार.

"मास्टर," ते हळूच म्हणाले, "तो फिर मैं जीता सो?"

गिरिजानं माझ्याकडे पाहिलं. आता त्यांना भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. खरं बोलायला पहिल्यांदाच कसली अडचण नव्हती.

"ते तुम्हीच जिंकलात साहेब," मी म्हणालो. "शेवटी शेवटी तुमचा हात चांगलाच बसला होता."

त्यांनी मान हलवली, दोनदा. मग गाडीच्या मागं चालत वेशीपर्यंत गेले, आणि तिथून एकटेच ठाण्याकडे वळले.